चाळीस मिनिटांत लोणावळा

लोणावळा,
श्रावण

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

अकरावीत गेल्यापासून हे नाव तुला चालत नाही, हे तुझ्या आईने मला दोनदा सांगितलं. पण पत्र माझं आहे, तेव्हा तेवढं सोसून घे.

तुझ्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं मिळाली. एका बैठकीत वाचली. रात्री पुन्हा वाचली आणि मग पेन्सिल घेतली. पेन्सिलीच्या खुणा पाहून रुसू नकोस. मी आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यातून प्रवास केलेला गार्ड. पुढे काय चाललंय यापेक्षा मागे काय सुटलं, काय लोंबकळतंय, दिवा लागला की नाही, हे बघायचीच माझ्या डोळ्यांना सवय.

तर तुझा नायक लोणावळ्याच्या फलाटावर चिक्की विकतो. पहिली चार पानं मला इतकी आवडली की आजीलाही वाचून दाखवली. गाडी हलायला लागल्यावर खिडकीतून आलेली नोट आणि परत द्यायची मोड यांची त्याची जी तारांबळ उडते, ती तू नीट पाहिलेली आहेस. मग तो चुकून गाडीतच राहतो, खंडाळ्यापुढच्या बोगद्यात गाडी शिरते आणि बाहेर पडते ती परग्रहावर. तिथे दोन सूर्य, जांभळं आकाश, तरंगणारी गावं, चार हातांची माणसं. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी तो त्या माणसांचा सेनापती!

तू सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं आहेस, ‘साध्या माणसाची दुसऱ्या जगातली गोष्ट’. मग मला सांग, तो साधा माणूस गेला कुठे? त्याची चिक्कीची टोपली पाचव्या पानानंतर मला दिसली नाही. तो काय खातो, कुठे निजतो, चार हातांच्या माणसांशी कोणत्या भाषेत बोलतो, घरी वाट बघणाऱ्या बायकोचं त्याला काही वाटतं की नाही, याचा पत्ता नाही. दोन सूर्य असतील तर सावल्याही दोन पडतील. त्या त्याला कधी दिसल्या नाहीत. फलाटावर उभा राहणारा माणूस सगळ्यात आधी सावली शोधतो, हे तुला ठाऊक असायला हवं.

यावर उपाय तुझ्याच दप्तरात आहे. तुमच्या अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात, ‘हॉर्नबिल’मध्ये, ‘द अ‍ॅडव्हेंचर’ नावाचा धडा आहे. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही मूळची मराठी गोष्ट. कादंबरी नव्हे, कथा आहे. पण तुला हवी ती सगळी सामग्री तिच्यात आहे. तू ती प्रश्नोत्तरांसाठी वाचली असशील. आता एका रेल्वेवाल्याबरोबर पुन्हा वाच.

गंगाधरपंत गायतोंडे पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक. पुण्याहून मुंबईला निघालेत आणि ज्या गाडीत बसलेत तिचं नाव जिजामाता एक्सप्रेस. ही गाडी आपल्या डेक्कन क्वीनपेक्षा बरीच वेगाने धावते. पुण्याबाहेर कारखान्यांची वस्ती दिसत नाही. लोणावळा हे पहिलं स्टेशन चाळीस मिनिटांत येतं. पुढचा घाट मात्र त्यांच्या ओळखीचा, होता तसाच. मग कर्जतला गाडी थोडाच वेळ थांबते, कल्याणमधून धडधडत जाते, आणि एका लांब बोगद्यापलीकडे ‘सरहद’ नावाचं छोटं स्टेशन येतं. तिथे गणवेशातला एक अँग्लो-इंडियन परवाने तपासतो, कारण तिथून ब्रिटिशांची हद्द सुरू होते. (तो लांब बोगदा मी मनातल्या मनात पारसिकचा धरला आहे. दुसरा कोणता असणार?)

आता हे चाळीस मिनिटांचं गणित कर. पुणे ते लोणावळा लोहमार्गाने 64 किलोमीटर. चाळीस मिनिटांत म्हणजे ताशी 96 किलोमीटरची सरासरी. सुटताना आणि थांबताना जाणारा वेळ धरला तर मधल्या पट्ट्यात गाडी शंभराच्या बरीच वर गेली पाहिजे. आपली लोकल हेच अंतर सव्वा तासाच्या पुढे घेते आणि डेक्कन क्वीनलाही तासाच्या आसपास लागतो. नारळीकरांनी गंगाधरपंतांच्या त्या दुसऱ्या जगाचं वर्णन करायला महाल, विमानं, यंत्रमानव यांतलं काही वापरलं नाही. एक वेळ सांगितली. लोणावळा-पुणे रोज करणारा कोणीही माणूस ती वाचतो आणि चपापतो. तळेगाव, वडगाव, कामशेत मागे पडताहेत आणि आपण मात्र आपल्या जगात नाही, हे त्या एका आकड्याने कळतं. कारखाने नाहीत, या एवढ्याशा माहितीचं कामही तेच. आपल्या जगात 1954मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एकामागून एक कारखाने आले आणि पुणं-मुंबई रस्त्याच्या कडेचे माळ भरून गेले. गंगाधरपंतांना खिडकीतून ते दिसत नाहीत, म्हणजे या जगात काहीतरी फार मागे, मुळातच वेगळं घडलेलं आहे.

आणि मग घाट. सगळं बदललं तरी घाट तसाच. मला या गोष्टीतली ही सगळ्यात मोठी जागा वाटते, आणि शिकवताना ती कोणी दाखवत नसणार.

मी त्या घाटातून किती वेळा चढलो-उतरलो ते मोजलेलं नाही. चढाला 37 फुटांत एक फूट, हे आमच्या बोटांवर असायचं. वर यायचं तर कर्जतला मागे बँकर इंजिनं लागतात आणि गाडी ढकलत आणतात. आपल्या जगात हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बांधला. काम 1856मध्ये सुरू झालं आणि 21 एप्रिल 1863ला मार्ग खुला झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. पहिल्या कंत्राटदाराने मधेच काम सोडलं. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, 1859मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच मेला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट हातात ठेवलं आणि तिच्या नावावर काम पुरं झालं. 25 बोगदे, 8 मोठे पूल, आणि ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर. त्या मजुरांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. घाट पुरा होण्याआधीच, 1858पासून, वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली होती. खाली खोपोलीपर्यंतही गाडी येत होती. मधला चढ उतारूंनी पालखीत, तट्टावर किंवा छकड्यात बसून करायचा. म्हणजे चार-पाच वर्षं असं चाललं होतं की एका बाजूला एक गाडी, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि मधे डोंगर.

मग प्रश्न असा, की गोष्टीतल्या जगात पानिपत मराठ्यांनी जिंकलं, ईस्ट इंडिया कंपनी मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या आसपासपुरती उरली, तर हा घाट कोणी बांधला? नारळीकरांनी ते थेट सांगितलेलं नाही, पण उत्तराची सोय करून ठेवली आहे. त्यांच्या जगातल्या पेशव्यांनी युरोपातल्या नव्या तंत्रविद्येचं महत्त्व ओळखलं, आपली स्वतःची विज्ञानकेंद्रं काढली, आणि इंग्रजांची मदत घेतली ती जाणकार माणसं म्हणून. तेव्हा तिथेही कोणीतरी कंत्राट सोडलं असेल, कोणीतरी तापाने मेलं असेल, मजुरांची नावं तिथेही राहून गेली असतील. पण रूळ गेले ते याच बोरघाटातून. कारण सह्याद्रीला पानिपताचं सोयरसुतक नाही. कोकणातून वर यायला त्याने ज्या मोजक्या वाटा ठेवल्या आहेत त्यांतली ही एक. कार्ल्याच्या लेण्यात दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची आणि यवनांची नावं कोरलेली तू पाहिलीस ना, ती मंडळी दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेला लागून राहत होती. राज्य कोणाचंही असो, कल्याणकडून येणारा माल इथूनच वर चढायचा.

नारळीकर गणिती होते. एक पद बदललं की समीकरणातलं काय काय बदलतं आणि काय जागचं हलत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. तुझ्या कादंबरीत सगळंच बदललं आहे, म्हणून काहीच बदललेलं दिसत नाही. वाचणाऱ्याला पाय टेकायला एखादा घाट ठेव.

आता पानिपतावरच्या त्या गोळीकडे येऊ, जिने गोष्टीतलं जग बदललं. 14 जानेवारी 1761. आपल्या जगात विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून गर्दीत शिरले आणि फौजेचा धीर सुटला. गोष्टीत ती गोळी कानाजवळून निघून जाते. बस्स, एवढाच बदल. बाकी सगळं त्यातून आपोआप उलगडत जातं. विश्वासराव जगले, फौज टिकली, दिल्लीत नावापुरता मोगल ठेवून कारभार पुण्याने पाहिला, कंपनीचे पाय पसरलेच नाहीत, आणि विसाव्या शतकात तो देश आपल्या पायांनी लोकशाहीकडे गेला.

इथे मला नारळीकरांशी थोडं भांडायचं आहे, आणि भांडणाची जागा गंगाधरपंतांच्या गाडीच्या खिडकीतून दिसते. त्यांची जिजामाता वडगाव मावळवरून सुसाट गेली. मी असतो तर साखळी ओढली असती.

पानिपतानंतर अठरा वर्षांनी, तोच जानेवारी महिना, साल 1779. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रजांची फौज निघाली आणि बोरघाट चढून खंडाळ्याला आली. सुमारे 3,900 माणसं, आणि सामान ओढायला हजारो बैल. त्या लटांबरामुळे रोजची चाल कोसभरसुद्धा होईना. मराठ्यांनी पुढचा मुलूख उजाड करत माघार घेतली, चारा जाळला, विहिरी बिघडवल्या. 4 जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफगोळ्याने मेला. आपल्याकडे त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणतात. शत्रूचा माणूस, पण त्याच्या धाडसाचं आपल्या लोकांना इतकं कौतुक की नावाला ‘फाकडा’ जोडून दिलं. त्याची समाधी वडगावला पोलीस ठाण्याच्या आवारात आहे, कधी गेलीस तर विचार, दाखवतील. त्यानंतर दोन दिवसांत कर्नल एजर्टन आजारी पडला आणि सूत्रं कॉकबर्नकडे गेली. 9 तारखेला फौज तळेगावला पोचली तर गाव जळालेलं. पुणं दीड दिवसाच्या वाटेवर. तरीही 11च्या रात्री त्यांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान पेटवलं आणि परतीची वाट धरली. महादजी शिंद्यांनी त्यांना वडगावला गाठून कोंडलं. मग 16 जानेवारीला तह झाला. साष्टीसह 1773पासून घेतलेला सगळा मुलूख परत द्यायचा, राघोबांना हवाली करायचं.

पानिपताइतकाच, किंबहुना जास्तच सरळ असा हा सांधा होता. इथे मराठे खरोखर जिंकले. तोफगोळा खरोखर लागला, आणि तो इंग्रजांकडच्या सगळ्यात तडफदार माणसाला. मग आपलं जग त्या दिवशी दुसऱ्या रुळावर का गेलं नाही? मुंबईकरांनी सुटका झाल्यावर तह नाकारला. कलकत्त्याहून वॉरन हेस्टिंग्जनेही तो मानला नाही. त्याने आधीच बंगालची फौज जमिनीवरून पश्चिमेकडे रवाना केलेली होती. लढाई पुढे चालू राहिली आणि 1782मध्ये सालबाईचा तह झाला, तेव्हा साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

माझं म्हणणं असं. पानिपतावर एक माणूस पडला आणि फौज फुटली, कारण सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. वडगावच्या स्वारीत स्टुअर्ट पडला, एजर्टन अंथरुणाला खिळला, तरी कॉकबर्न उभा राहिला. कॉकबर्नने हात टेकले तरी कलकत्ता उभं होतं. तिकडे माणसामागे हुद्दा होता आणि हुद्द्यामागे कचेरी होती. रेल्वेतही तसंच असतं. गार्ड आजारी पडला म्हणून गाडी रद्द होत नाही, दुसऱ्याला बोलावणं जातं. म्हणजे एका गोळीने जग बदलतं की नाही, हे गोळीवर अवलंबून नाही. ती जिथे लागते तिथल्या व्यवस्थेवर आहे. नारळीकरांनी पानिपत निवडलं ते म्हणूनच बरोबर निवडलं, असं मला आता वाटतं. पण विश्वासरावांच्या जगण्याने पुढची शंभर वर्षं पुण्याचा कारभार असा घडीव चालेल, हे मी तरी सहज मानणार नाही. कानाजवळून गेलेली एक गोळी घरातली भाऊबंदकी कशी मिटवणार? नारळीकर भेटले असते तर हे विचारायचं होतं. मे 2025मध्ये ते गेले. आता हा प्रश्न तुझ्या पिढीकडे.

आता तुझ्या खऱ्या विषयाकडे, साध्या माणसाकडे. गंगाधरपंतांना ट्रकचा धक्का बसतो आणि ते दुसऱ्या जगात जातात. धक्क्याच्या वेळी डोक्यात पानिपताचा विचार असतो, याचं महत्त्व शेवटी कळतं. तिथे पोचल्यावर ते काय करतात? तलवार उचलत नाहीत. पेशव्यांना भेटायला जात नाहीत. मुंबईत मुलाच्या कचेरीत चौकशी करतात. तिथे त्या नावाचा कोणी नाही. मग टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन इतिहासाचे पाच खंड मागवतात. इतिहासाचा प्राध्यापक हरवला तर ग्रंथालयातच जाणार, नाही का? पहिले चार खंड ओळखीचे निघतात. औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत सगळं ठाकठीक. पाचव्यात काहीतरी वेगळं आहे. तेव्हा तो खंड ते दोन्ही टोकांकडून वाचत मधे येतात आणि नेमक्या पानावर बोट ठेवतात. बिघाड शोधायची आमची रीतही हीच. दोन स्टेशनं धरायची, कुठपर्यंत ठीक आहे ते पाहायचं, आणि अंतर कमी करत जायचं.

ग्रंथालय बंद व्हायच्या वेळी ते उठतात, एका साध्या अतिथिगृहात खोली घेतात, थोडंसं जेवतात आणि फिरायला निघतात. पाहिलंस? जेवतात! परक्या विश्वात पोचलेला माणूस संध्याकाळी जेवतो आणि शतपावलीला बाहेर पडतो. आझाद मैदानावर व्याख्यान चालू असतं आणि व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी. आयुष्यभर सभांची अध्यक्षपदं भूषवलेल्या या गृहस्थांना ते कसं बघवणार? ते सरळ जाऊन बसतात. त्या जगात अध्यक्ष नावाचा प्रकार लोकांनी केव्हाच मोडीत काढलेला असतो. लोक ओरडतात, हाती लागेल ते फेकतात, व्यासपीठावर धावून जातात, आणि गंगाधरपंत परत येतात ते आपल्या जगात, त्याच मैदानावर.

त्यांना तिथे पोचवणारं पानिपत असेल, पण परत आणणारी त्यांची खोडच आहे. तुझ्या चिक्कीवाल्याची खोड कोणती? चार पानांत तू ती दाखवलेलीच आहेस. तो सुट्टे पैसे देणं विसरत नाही. गाडी सुटली तरी खिडकीबरोबर पळतो. मग दुसऱ्या जगात उतरल्यावर त्याच्या हातात कोणाची तरी मोड राहिली असेल ना? ती परत करायला तो निघाला तर मी तीनशे पानं वाचायला तयार आहे. सेनापती झाला तर मी वीस पानांत झोपेन.

इंग्रजीत एच. जी. वेल्सची ‘मेन लाइक गॉड्स’ नावाची कादंबरी आहे, 1923ची. तिच्यात वर्तमानपत्राच्या कचेरीतला एक वैतागलेला माणूस सुट्टीवर मोटार घेऊन निघतो आणि रस्त्याच्या वळणावर दुसऱ्याच विश्वात जातो. वाच, पण मला ती गंगाधरपंतांपुढे फिकी वाटते. वेल्सच्या त्या जगातले लोक फार सुंदर आणि फार शहाणे आहेत, त्यांच्या तोंडी भाषणं आहेत. नारळीकरांच्या जगातले लोक सभा उधळतात.

नारळीकरांच्या बाबतीत एक गंमत तुला ठाऊक नसेल. केंब्रिजहून फ्रेड हॉइलबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडून आलेला, जगभर नाव झालेला हा माणूस, त्याने 1974मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही गोष्ट पाठवली ती टोपणनावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली आणि ‘नारायण विनायक जगताप’ झाले. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून गोष्ट त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी उतरून काढली. पहिलं बक्षीस मिळालं. पुढे त्यांनी पुण्यात ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संस्था उभी केली, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ अशा कादंबऱ्या लिहिल्या, 2021मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण मला त्यांचं ते जगताप होणं फार आवडतं. तूही तुझी प्रकरणं शाळेतल्या कोणाला दाखवणार असशील तर एकदा नाव काढून दाखव.

गोष्टीतला मला न रुचणारा भाग सांगू? शेवट. राजेंद्र देशपांडे नावाचा मित्र बसून सगळं समजावतो. आणीबाणीच्या क्षणी लहानशा फरकाने गोष्टी मोठ्या प्रमाणात कशा पालटतात ते आपत्तीसिद्धांताने, आणि न घडलेल्या शक्यताही कुठेतरी खऱ्या कशा असू शकतात ते पुंजसिद्धांताने. विज्ञान चोख आहे, मुलांना समजावं म्हणून सोपंही केलं आहे, पण गाडी फलाटाला लागल्यावर कोणी वेळापत्रक वाचून दाखवत नाही. तो सगळा भाग उचलून धरला आहे एका फाटक्या पानाने. गंगाधरपंतांच्या खिशात बखरीचं पान राहून गेलेलं असतं. त्यावर विश्वासराव वाचलेले असतात, आणि राजेंद्राकडच्या प्रतीत तेच पान वाचलं तर ते मेलेले. वाद संपला. तेव्हा तुला दोन सूर्यांचं विज्ञान सांगायचं असेल तर आधी चिक्कीवाल्याच्या खिशात काहीतरी राहू दे.

तुझा ग्रह मी काढून घेत नाही. हट्टाने तिथेच जायचं असेल तर जा. पण मला विचारशील तर बोगद्यापलीकडे परग्रह कशाला हवा? आपल्याकडेच रूळ बदलण्याच्या जागा पुष्कळ पडल्या आहेत. वळवणचं धरण घे. टाटांनी इथे तळी बांधली, घाटाखाली खोपोलीला 1915मध्ये वीज तयार व्हायला लागली. इंद्रायणीचं जे पाणी देहू-आळंदीवरून भीमेत, तिथून पंढरपुरापुढे कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जायचं, त्यातलं किती तरी आता नळांतून पाचशे मीटर खाली कोसळतं आणि अरबी समुद्राला मिळतं. पावसाळ्यात खोपोलीकडे बघताना मला नेहमी वाटतं की पाण्याने अशी पाठ फिरवली, ही काय विज्ञानकथेपेक्षा कमी गोष्ट आहे? किंवा शेजारचं मुळशी घे. तिथल्या मावळ्यांनी 1921 ते 1924 सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. ते हरले, गावं आणि आंबेमोहराची खाचरं पाण्याखाली गेली. समज, ते जिंकले असते. तुझा चिक्कीवाला बोगद्यातून बाहेर आला आणि त्या मावळात उतरला. मुंबईच्या गिरण्यांची वीज मग कुठून आली? न आली तर गिरणगाव केवढा झाला? गिरणगाव लहान राहिला तर शनिवार-रविवारी लोणावळ्याला हवा खायला आणि चिक्की घ्यायला येणारी गर्दी कुठून यायची? आणि ती गर्दी नसेल तर त्या जगात याच्या टोपलीत काय असेल?

हे उत्तर मला माहीत नाही, आणि तुला शोधायचं असेल तर दिवाळीच्या सुट्टीत इथे ये. माझ्याकडे जुनी वेळापत्रकं आहेत, मळवलीला माझा एक मित्र आहे त्याच्या आजोबांकडची बाडं त्याने जपून ठेवली आहेत, आणि आजी सांगते त्या मुळशीच्या माहेरच्या गोष्टी अजून कोणी लिहून घेतलेल्या नाहीत. वही आण, मोबाइलवर टिपणं काढलीस तर आजी बोलायची थांबते.

तुझे आजोबा

ता. क. गोष्टीत जिजामाता एक्सप्रेस कर्जतला अगदी थोडा वेळ थांबते, ते बरोबर आहे. घाट उतरून आलेल्या गाडीला ढकलायला इंजिन लागत नाही. तीच गाडी मुंबईहून पुण्याला निघालेली असती आणि कर्जतला क्षणभरच थांबली असती, तर मी त्याच वेळी नारळीकरांना पोस्टकार्ड टाकलं असतं. तुझ्या दुसऱ्या प्रकरणात गाडी लोणावळ्याहून खंडाळ्याकडे निघाली आहे आणि तू तिला मागून बँकर लावला आहेस. तो काढ.